मोहरीएवढा स्फटिक

माझा नवरा रसायनशास्त्रज्ञ होता, हे आता कर्जतमध्ये कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. लोकांना ते शाळेतले मास्तर म्हणून आठवतात, विज्ञान शिकवणारे, उरलेले खडूचे तुकडे सदऱ्याच्या खिशात टाकणारे. तेही खरंच आहे. पुढची सगळी नोकरी त्यांनी तीच केली. पण त्याआधी पाच-सहा वर्षं ते समुद्रातल्या स्पंजावर काम करत होते, आणि ते काम का थांबलं हे बरीच वर्षं मला एकटीला माहीत होतं. त्यांनाही माहीत नव्हतं.

मी चौथी शिकलेली बाई. कोणी कीव करावी म्हणून हे लिहीत नाही. झालं ते कुठेतरी झालं तसं लिहिलेलं असावं, इतकंच.

लग्न होऊन मी कर्जतला लागूनच असलेल्या भिसेगावात आले तेव्हा लढाई चालू होती. सासरे रेल्वेत होते. घाट चढताना गाडीला मागून लावतात त्या इंजिनावर. यांनी मुंबईला एम.एस्सी. केलं होतं आणि तिथल्याच एका कॉलेजात एका प्रोफेसरांच्या हाताखाली पुढचं संशोधन चालू होतं. लढाईच्या खात्यानं कॉलेजच्या खालच्या खोल्या ताब्यात घेतल्या. त्यात यांचीही खोली गेली. प्रोफेसर म्हणाले, खोली परत मिळेपर्यंत घरी होईल तेवढं घरी करा. म्हणून ते आठवड्यातून दोन दिवस मुंबईला जायचे आणि बाकीचे दिवस आमच्या मागच्या पडवीत काम करायचे.

स्पंज ते स्वतः आणायचे. रेवदंडा, मुरुडच्या बाजूला ओहोटीच्या वेळी कोळ्यांबरोबर खडकांवर जायचे आणि सुऱ्यानं खरवडून रॉकेलच्या डब्यात भरायचे. डबा घरी उघडला की सगळ्या आळीला कळायचं. आम्ही सुकी मासळी खाणारी माणसं, वासाला घाबरत नाही. पण हा वास सुक्या बोंबलांच्या टोपलीत कोणी जखमेचं औषध ओतावं तसा होता.

पहिला डबा आला तेव्हा सासूबाई पदर नाकाला लावून पडवीच्या दारात उभ्या राहिल्या.

"ह्याची आमटी व्हते का रं?"

"नाय आये. ह्यातनं एक पदार्थ काडायचा हाय. पुढंमागं औषध निघंल कदाचित."

"कंच्या आजाराचं?"

"ते अजून ठावं नाय."

"मंग पयला आजारी मानूस तरी शोध. औषध मंग कर."

ते हसले. आईशी ते घरचं बोलायचे आणि माझ्याशी पुस्तकातलं. मला त्याचा थोडा राग यायचा.

काम कसं होतं ते सांगते, कारण त्यातलं निम्मं मी केलं आहे. स्पंज वाळवायचा. विळीवर चिरायचा. उखळात कुटायचा. मग लोणच्याच्या बरण्यांमध्ये स्पिरिटमध्ये भिजत घालायचा. पंधरा दिवसांनी मलमलीतून गाळायचं. ते तपकिरी पाणी पातेल्यात गरम पाण्यावर ठेवून आटवायचं, कधीही विस्तवावर नाही. खाली काकवीसारखा काट राहायचा. त्यावर ते आणखी काहीबाही करायचे, कॉस्टिक घालायचे, पुन्हा विरघळवायचे, पुन्हा गाळायचे. दोन मण स्पंज मी कुटला तेव्हा त्यातून चमचाभर पांढरी पूड निघाली. मी म्हटलं, "एवढंच?" ते म्हणाले, "एवढं पुष्कळ आहे."

माणसाच्या पित्तात एक मेणासारखा पदार्थ असतो. तसाच काहीसा पदार्थ त्या स्पंजात होता, पण तो माणसातल्यासारखा नव्हता, आणि पुस्तकात नोंदलेल्या इतर कुठल्याही जिवातल्यासारखाही नव्हता. तो वेगळा आहे आणि एकच आहे, भेसळीचा नाही, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. प्रोफेसरांना त्यांनी तसं लिहून दिलं होतं. पण लिहून देणं वेगळं आणि दाखवणं वेगळं.

दाखवायला पूड चालत नाही, स्फटिक लागतो. ते त्यांनी मला खडीसाखरेवरून समजावलं. साखरेची पूड आणि खडीसाखर एकच, पण खडीसाखरेच्या खड्याला कडा असतात, कारण आतले कण रांगेत बसलेले असतात. त्या खड्यातून क्ष-किरण सोडले की मागच्या काचेवर ठिपके उमटतात. ठिपक्यांवरून कण कसे बसले आहेत ते काढायचं.

"रांगोळी पुसून गेली आणि नुसते ठिपके राहिले, तर रांगोळी कुठली होती ते सांगता येतं, तसं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "हो," म्हणाले. "अगदी तसं." त्यानंतर ते माझ्याशी थोडं घरचं बोलायला लागले.

ते क्ष-किरणांचं यंत्र दक्षिणेत एका मोठ्या शहरात होतं. प्रोफेसरांच्या ओळखीनं यांना गणपतीनंतरचे आठ दिवस मिळाले होते. त्याआधी एक स्फटिक हवा होता. एकच, पण कडा स्वच्छ असलेला आणि मोहरीएवढा. तो झाला तर डॉक्टरेट होणार होती. नाही झाला तर ते आठ दिवस दुसऱ्याला जाणार होते, आणि प्रोफेसर दिवाळीनंतर विलायतेला परत जाणार होते. पुढे कोण विचारतो.

स्फटिक घाईनं होत नाही. पदार्थ स्पिरिटमध्ये विरघळवून बाटलीत ठेवायचा, आत बी म्हणून एक बारीक कण सोडायचा, तोंडाला कागद बांधून त्याला सुईनं भोकं पाडायची. स्पिरिट हळूहळू उडतं आणि कण वाढत जातो. तोवर बाटलीला धक्का लागता कामा नये, ऊन लागता कामा नये, काही पडता कामा नये. भिसेगावात ते जमेना. रूळ जवळ होते. घाटाची गाडी निघाली की मांडणीवरची भांडी किणकिणायची आणि बाटलीच्या तळाशी बारीक बारीक कणांची रास पडायची. दोनदा तसं झालं. दोन्ही वेळा त्यांनी ते पुन्हा विरघळवलं.

तिसऱ्यांदा मीच म्हटलं, माझ्या माहेरी न्या. माझं माहेर खालापूरपासून कोसभर आत, पाताळगंगेच्या अलीकडे. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, शेजारी कोणी नाही, गाडी नाही. मला पाचवा महिना लागला होता. बाळंतपणाला जायचंच होतं, ते चैत्रातच पाठवलं. बैलगाडीत मी, माझं बोचकं आणि त्यांचं खोकं.

त्यांनी ते खोकं भाताच्या कणगीमागे कोपऱ्यात ठेवलं, आत तूस भरलं आणि तुसात बाटली गळ्यापर्यंत पुरली. तुसामुळे आत थंड-गरम फार होत नाही. खोक्याच्या एका बाजूला बोटभर रुंदीची सरकती फळी होती आणि तिथे बाटलीला लागून तूस येऊ नये म्हणून पत्रा वाकवून बसवला होता. फळी सरकवली की काच दिसायची. दिवा जवळ न्यायचा नाही, स्पिरिट पेट घेतं. दाराकडच्या उजेडाला आरसा धरायचा आणि तो उजेड आत टाकायचा. हात लावायचा नाही. बाटली उघडायची नाही. दर पंधरा दिवसांनी बघायचं आणि कार्ड टाकायचं.

"काय लिहू?" मी विचारलं.

"केवढा झाला ते. मोजपट्टी आत जात नाही. तुला कळतं त्या मापात लिही."

मग मी तसं लिहिलं. वैशाखात लिहिलं, खसखशीएवढा आहे, कडा दिसतात. जेठात लिहिलं, राजगिऱ्याएवढा झाला. कार्ड उघडंच असतं. पोस्टमन वाचायचा आणि मला विचारायचा, "काय ताई, औंदा राजगिरा लावलाय काय घरात?" मी म्हणायचे, "तुमी तुमचं वाटप करा."

ती कार्डं त्यांनी वहीत तारखेवार चिकटवली होती. प्रोफेसरांना सांगितलं होतं, निरीक्षण माझी बायको करते. प्रोफेसरांनी विचारलं, ती किती शिकली आहे? हे म्हणाले, तिला दाण्यांची मापं कळतात. हे त्यांनी मला पत्रात लिहिलं. ते पत्र मी बरेच दिवस उशाशी ठेवलं होतं.

आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात तो राजगिऱ्याहून मोठा आणि मोहरीहून जरा लहान होता. एका बाजूनं आरशाचा उजेड पडला की त्याच्यातून रंग निघायचे. मी कार्ड लिहिलं, आणखी पंधरा दिवस.

आषाढातली अवस म्हणजे दिव्याची अवस. त्या वर्षी त्याच दिवशी दुपारी सूर्यग्रहण होतं. आदल्या दिवशी तिसऱ्या प्रहराला आई लावणीवरून चिखलाच्या पायांनी लवकर घरी आली आणि अंगणातल्या तुळशीची पानं खुडायला लागली. वेध लागण्याआधी घरातल्या प्रत्येक ठेवणीच्या वस्तूत पान घालायचं, ही आमच्याकडची रीत. लोणच्यात, तुपात, दुधात, पाण्याच्या हंड्यात. पान असलं की ते ग्रहणानंतर चालतं. पान नसलं तर ओतून टाकायचं. माझी आई रीत पाळायची म्हणजे पाळायचीच. आदल्या एका ग्रहणाला पान घालायचं राहिलं म्हणून तिनं घागरभर ताक उकिरड्यावर ओतलं होतं, आणि बाबा नुसते बघत राहिले होते.

सगळीकडे पानं घालून झाल्यावर ती कणगीकडे आली.

"ह्याच्यात?"

"त्याच्यात नाय आये. ते खायचं नाय."

"खायाचं नसंल. ठेवनीचं हाय ना? पातळ हाय ना?"

"हात लावायचा नाय त्याला. त्यांनी सांगितलंय."

"मंग हात नको लावू. उगड आन पान टाक."

"उगडायचं पन नाय गं."

आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ह्ये बग बाय. तू पोटुशी हायेस. पयलं पोर हाय तुजं. तुज्या उशाशी मी गिरानलेलं पानी ठेवनार नाय. पान नाय घातलंस तर उद्या सुटल्यावर मी जाऊन वढ्यात वतून येईन. मंग तुजा नवरा येऊंदे, नायतर त्याचा सायेब येऊंदे."

ती खरंच ओतणार होती. मला त्यात शंका नव्हती, आणि माझं दिवस भरत आलेलं अंग घेऊन मी तिला अडवू शकले नसते. खोकं शेजारच्या गावात हलवलं असतं तर धक्का लागला असता. त्यांना निरोप पाठवायचा तर कर्जत एका दिवसाच्या वाटेवर. मी विचार केला, पान म्हणजे काय, एवढंसं असतं. तेही हलकं. वर तरंगेल. स्फटिक तळाशी आहे, त्याला लागणारही नाही. ओतण्यापेक्षा हे बरं.

मी पान धुतलं. बाहेर पाऊस होता, तुळस आधीच निथळत होती, तरी धुतलं, कारण त्यांचं सगळं स्वच्छ असायचं. पुसलं मात्र नाही. ओवळ्या पदराला तुळस पुसायची नाही, हे लहानपणापासून शिकलेलं. दोरा सोडला, कागद उचलला, पान आत टाकलं आणि दोरा परत बांधला. आई मागे उभी राहून बघत होती. "झालं," म्हणाली. "आता कसं निवांत वाटतं बग."

ग्रहणाच्या दिवशी मला घोंगडीवर बसवून ठेवलं. चिरायचं नाही, शिवायचं नाही, पाय मुडपायचा नाही. आभाळ सकाळपासून इतकं भरलेलं होतं की ग्रहण लागलं कधी आणि सुटलं कधी, कोणाला दिसलंच नाही. बाबांनी पंचांगात बघितलेल्या वेळेवर सगळं केलं. सुटल्यावर आंघोळी झाल्या, पाणी नवं भरलं, पानं काढून टाकली. संध्याकाळी आईनं दिवे घासून ओळीनं पाटावर मांडले.

बाटलीतलं पान मी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ काडीनं काढलं. मग फळी सरकवली आणि आरसा धरला.

आत सगळं पांढरं झालं होतं. तळापासून वरपर्यंत, पिंजलेला कापूस भरावा तसं. मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. तीन महिने एक दाणा वाढायला लागले होते आणि आता बाटली भरली होती. मला वाटलं, पिकलं. मला वाटलं, पानाचा गुण आला. मी त्याच दिवशी कार्ड टाकलं, "पुष्कळ वाढलं आहे. बाटली भरली आहे. या आणि घेऊन जा." पोस्टमन म्हणाला, "आलं वाटतं पीक!" मी त्याला गूळ दिला.

पाचव्या दिवशी ते आले. कर्जतहून चालत आले होते, गुडघ्यापर्यंत चिखल, छत्री उलटलेली. घरात मी एकटी होते, आई-बाबा लावणीवर. त्यांनी पाय धुतले नाहीत. सरळ कणगीमागे गेले, गुडघे टेकले, फळी सरकवली. मी आरसा धरला. त्यांनी आधी आत बघितलं. मग बाटलीच्या गळ्याकडे बघितलं, कागदाकडे, दोऱ्याकडे.

"कोणी उघडली होती?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "नाही."

त्या एका शब्दाबद्दल मी आयुष्यभर विचार केला आहे, म्हणून तो का आला ते सांगू शकते. मी घाबरले नव्हते. ते कधी ओरडले नाहीत, हात तर कधीच उगारला नाही. आईला वाचवायचं होतं असंही नाही; आईला ते काही बोलले नसते. पण त्यांचा चेहरा बघून मला कळलं की हे वाढणं नव्हतं, हे बिघडणं होतं. तीन महिने त्यांनी माझ्या कार्डांवर विसंबून दिवस काढले होते. माझ्या शब्दावर आयुष्यात पहिल्यांदा कोणी काही उभं केलं होतं. मी उघडली असं म्हटलं असतं तर मी पुन्हा चौथी शिकलेली झाले असते. तो शब्द खरा राहावा म्हणून मी खोटं बोलले. बाकी काही कारण नाही.

"नक्की?"

"मी कशाला उघडू?"

ते उंबऱ्यावर जाऊन बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. थोड्या वेळानं म्हणाले, "मग आतच काहीतरी आहे. मी एक समजत होतो, ते दोन आहे."

मी विचारलं, दोन म्हणजे काय. त्यांनी सांगितलं. पदार्थ शुद्ध असता तर असा एकाएकी खाली पडला नसता. ज्या अर्थी पडला, त्या अर्थी त्यात दुसरं काही मिसळलेलं आहे, आणि ते त्यांना वर्षभरात ओळखता आलेलं नाही. म्हणजे प्रोफेसरांना लिहून दिलं ते चूक होतं.

संध्याकाळी आई आली. "जावयबापू, पोरीनं डोल्यांत तेल घालून राखलंय हां तुमचं," ती म्हणाली. ते म्हणाले, "हो, माहीत आहे." आईला मी मागच्या दारी नेऊन सांगितलं, पानाचं बोलू नको. ती म्हणाली, "त्यात बोलायचं काय हाय?" तिला ते बोलण्यासारखं वाटतच नव्हतं.

बाटली ते भिसेगावला घेऊन गेले. सगळं पुन्हा विरघळवलं, पुन्हा गाळलं, पुन्हा ठेवलं. पुन्हा तोच कापूस. गणपतीपर्यंत त्यांनी चार वेळा केलं असेल. दर वेळी थोडं गाळणीला राहायचं, थोडं भांड्याला राहायचं. चमचाभर होतं ते बोटाच्या पेरावर मावेल एवढं उरलं. मी तेव्हा माहेरी बाळंत होते. मुलगी झाली, धडधाकट, भरल्या अंगाची. आई शेवटपर्यंत म्हणायची, ग्रहण नीट पाळलं म्हणून नातीला काही झालं नाही. तिच्याशी मी वाद घातला नाही.

यंत्रावरचे आठ दिवस दुसऱ्या कोणाला गेले. यांनी प्रोफेसरांना पत्र लिहिलं, की माझा पदार्थ शुद्ध नव्हता, आधीचं विधान मी मागे घेतो. प्रोफेसरांनी उत्तर पाठवलं, फार चांगलं होतं म्हणे, प्रामाणिकपणाचं कौतुक केलं होतं. दिवाळीनंतर ते विलायतेला गेले. हे कर्जतला शाळेत लागले. बरण्या मी घासून घेतल्या आणि त्यांत लोणची घातली. वास जायला तीन वर्षं लागली.

ते बदलले असं लोक म्हणायचे नाहीत, कारण लोकांना आधीचे ते माहीतच नव्हते. मला बदल कळायचा. ते आपल्या हातांवर भरवसा ठेवेनासे झाले. दाराची कडी लावल्यावर परत जाऊन बघायचे. शाळेत मुलांसमोर प्रयोग करायचा तर आदल्या दिवशी घरी दोनदा करून बघायचे आणि तरी म्हणायचे, "माझा हात तेवढा चांगला नाही." मी समोर भाजी निवडत बसलेली असायचे. दर वेळी वाटायचं, आता सांगावं. दर वेळी तो दिवस जायचा. मग इतके दिवस गेले की सांगायचं म्हणजे पानाचं नाही, गप्प बसल्याचंच सांगावं लागणार होतं. ते जास्त कठीण होतं.

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. त्यांचा एक जुना सोबती मुंबईहून परदेशी मासिकांचे जुने अंक कधीमधी पाठवायचा. एका रविवारी ते ओटीवर वाचत बसले होते. मी आत जोंधळा पाखडत होते. त्यांनी हाक मारली. मासिकाचं एक पान त्यांनी बोटानं धरलं होतं.

"दूर तिकडच्या समुद्रात कोणाला तरी तोच स्पंज मिळाला," ते म्हणाले. "त्यांनी तोच पदार्थ काढला. कितीवर वितळतो तो आकडाही माझाच आहे. तो एकच आहे गं. शुद्ध. त्यांनी स्फटिक केला, फोटो काढला. माझं बरोबर होतं."

मला वाटलं ते रडतील. ते रडले नाहीत. मासिक मिटून मांडीवर ठेवलं आणि समोरच्या माडाकडे बघत म्हणाले, "मग तो पांढरा कापूस कुठून आला? हेच कळत नाही मला."

ते माझ्याशी बोलतही नव्हते, आपल्याशीच बोलत होते. पण मी म्हटलं, "मी तुळशीचं पान टाकलं होतं."

त्यांनी मान वळवली.

"ग्रहणाच्या आदल्या दिवशी. आई ओतून टाकणार होती, म्हणून. दुसऱ्या दिवशी ग्रहण सुटलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी काढलं."

"ओलं होतं पान?"

"धुतलेलं होतं."

"झटकलं होतंस?"

"नाही."

त्यांनी मान हलवली, शाळेत एखाद्या मुलाचं उत्तर बरोबर आलं की हलवायचे तशी. "पाण्यानं तो खाली पडला," ते म्हणाले. "आणि पानातलं तेल स्पिरिटमध्ये उतरलं, म्हणून पुढे कधी नीट झालाच नाही." मग त्यांच्या तोंडावर असं काही आलं की मी बघू शकले नाही. त्यांना बरं वाटत होतं. पाच वर्षं ते स्वतःला चुकलेले समजत होते, आणि ते चुकलेले नव्हते.

"त्या दिवशी सांगितलं असतं तर?" मी विचारलं. विचारायला नको होतं. पण मला ते माहीत करून घ्यायचं होतं.

"तर तेल काढून टाकलं असतं," ते म्हणाले. "सोपं असतं. आठ दिवसांचं काम. वाढलेला खडा कापसाखाली होताच, तोच बी म्हणून परत सोडला असता. गणपतीच्या आत झालं असतं."

मी उभीच होते. सूप अजून हातात होतं.

"आणि पान बाटलीच्या गळ्याला बाहेरून बांधलं असतं, तर आईला चाललं असतं," मी म्हटलं. "हे मला तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सुचलं."

त्यांनी मांडीवरचं मासिक सरळ केलं. मग म्हणाले, "दोऱ्याची गाठ तुझी होती."

मला कळलं नाही.

"मी गाठ वेगळी मारतो. त्या दिवशी मला दिसलं होतं, गाठ माझी नाही. म्हणून तर विचारलं. तू नाही म्हणालीस." ते थांबले. "मग मी ठरवलं, गाठ मीच कधीतरी तशी मारली असेन. तुझं 'नाही' खरं धरलं आणि पुढचं सगळं त्यावर लिहिलं."

त्यांनी ते रागानं म्हटलं नाही. रागानं म्हटलं असतं तर मला पुढचे दिवस सोपे गेले असते. मासिक घेऊन ते आत गेले आणि ट्रंकेत ठेवून आले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. जेवले नेहमीसारखे. मुलीचा पाढा घेतला.

पुढच्या ग्रहणाच्या आदल्या दिवशी ते शाळेतून आले, अंगणातली तुळशीची पानं स्वतः खुडली, एका फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी केली आणि मोजून माझ्या हातात दिली. चेष्टा होती की आणखी काही, मी विचारलं नाही. पानं लोणच्यात घातली. ज्या बरण्यांत घातली, त्या त्यांच्याच होत्या.